तीन नंबरची नळी

— ढवळू नका, कप्तानसाहेब. खडीसाखर तळाशी पडू द्यायची, साय वर तरंगू द्यायची, वरचा कडू घोट आधी प्यायचा आणि गोड शेवटी. चौदा वर्षं विल्हेल्म्सहाफेनमध्ये काढलीत आणि अजून चमचा फिरवताय. बर्लिनचा माणूस तो बर्लिनचाच. असो, ढवळलंत तर ढवळलंत, तुमचा चहा आहे. नाही, छापखान्याचे मालक नाहीत, कागद आणायला ओल्डेनबुर्गला गेलेत, संध्याकाळच्या गाडीनं येतील. पुस्तकाचं ना? पुस्तक झालंय. चारशे प्रती शिवून, बांधून, पत्ते चिकटवून मागच्या खोलीत ठेवल्यात — चार वाजता टपालाची गाडी येते, ती घेऊन जाईल. एकतीस मेला लढाईला दहा वर्षं होतात, त्या दिवशीच्या समारंभाआधी घरोघरी. जुन्या खलाशांना, अधिकाऱ्यांना, आणि विधवांना फुकट — ते तुम्ही फार चांगलं केलंत, विधवांना फुकट. तुमची प्रत ही इथं, माझ्या हातात. देतो की. घाई काय आहे? आत्ताशी तीन वाजलेत.

मीच जुळवलंय सगळं. एकशे चौऱ्याऐंशी पानं, एकेका अक्षराचा शिशाचा खिळा या बोटांनी उचललाय. नुसतं वाचताना माणसाचा डोळा घसरत जातो, पण खिळे जुळवताना प्रत्येक शब्दापाशी थांबावं लागतं. तुमच्या शब्दांपाशी इतका वेळ कुणी थांबलं नसेल, कप्तानसाहेब, तुम्हीसुद्धा नाही. पहिली चाळीस पानं ‘बुर्गग्राफ’ या युद्धनौकेच्या रचनेची — झकास लिहिलीत. कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत भरेल एवढं जाड पोलादी चिलखत, दहा मोठ्या तोफा, कोळशाच्या कोठ्या अशा रचलेल्या की कोळसासुद्धा ढाल व्हावा. ‘इंग्रजांनी तोफा मोठ्या केल्या, आम्ही आधी जहाज बुडू नये हे पाहिलं’ — हे तुमचं वाक्य. खरं आहे. आणि पोटात पोलादी भिंतींचे कप्पे, एकात पाणी शिरलं तर दुसऱ्यात जाऊ नये म्हणून पाण्याच्या रेषेखाली त्या भिंतींना एकही दार नाही. शेजारच्या खोलीत जायचं तर शिडीनं तीन मजले वर, आणि पुन्हा तीन मजले खाली. बरोबर ना? मग खालच्या माणसांना हुकूम कसा द्यायचा? टेलिफोन होते, पण टेलिफोनवर कुणा अधिकाऱ्याचा विश्वास होता? म्हणून त्या भिंतींना भोकं पाडली आणि पितळी नळ्या घातल्या, बोलायच्या, मनगटाएवढ्या. नळीला मध्ये झडप? झडप नाही. टोकाला एक शिट्टी, पलीकडून नळीत फुंकलं की वाजणारी, आणि शेजारी दोरीला टांगलेलं लाकडी बूच. त्या भिंतीतून माणूस जाऊ शकत नव्हता, कप्तानसाहेब. हुकूम जाऊ शकत होता. आणि पाणी. हे तुमच्या चाळीस पानांत कुठं नाही, मी दोनदा शोधलं.

मग पुढं जहाजाची कामगिरी. ती वाचून तर मला हसूच आलं, राग मानू नका. दोन वर्षं याडेच्या खाडीत नांगर टाकून पडलेलं जहाज, चिखलात म्हैस बसावी तसं, त्याला तुम्ही लिहिलंत ‘सागरावरचा जागता पहारा’. कसला पहारा? दर आठवड्याला कोळसा भरायचा, दर आठवड्याला रंग खरवडायचा, तुमच्याकडं वरती बदक आणि वाईन, आमच्याकडं खाली सुकवलेल्या भाजीचं सूप — त्याला आम्ही काटेरी तार म्हणायचो. एकदा धुक्यात जाऊन इंग्लंडच्या किनाऱ्यावर गोळे टाकून आलो, कुठं पडले देव जाणे, मासेमारांच्या घरांवर पडले म्हणतात, त्याला तुम्ही सात पानं दिलीत. आणि शेवट — इंग्रजांच्या बंदरात नेऊन आपल्याच हातानं पाण्याचे नळ उघडून बुडवलं ते, त्याला एकच पान. ज्याची चाळीस पानं ‘बुडणार नाही, बुडणार नाही’ म्हणून आरती केली त्याला आपणच —

काय? हो. ‘आलो’ म्हणालो. ‘आमच्याकडं खाली’ म्हणालो. ऐकलंत म्हणजे. कान चांगला आहे तुमचा.

नका उठू. एकसष्टावं पान बघू आधी. प्रत मीच धरतो, मीच वाचतो, तुमचं हस्तलिखितही शेजारी ठेवलंय. हे तुमचं अक्षर, नाकारणार नाही ना? ऐका. ‘स्कागेराकच्या लढाईत सायंकाळी जहाजाच्या पुढच्या टोकावर पाणसुरुंगासारखा आघात होऊन टॉर्पेडोच्या खोलीत पाणी शिरले. तेथून येणाऱ्या दोन क्रमांकाच्या नळीतून हुकूमखोलीत पाणी येऊ लागताच मी ती बंद करण्याचा हुकूम दिला: दोन बंद. परंतु नाविक टी. ओमेन याने ऐकण्यात चूक करून तीन क्रमांकाची नळी बंद केली. त्यामुळे पाणी भरू लागलेल्या पुढच्या वीजखोलीतील अकरा जणांपर्यंत बाहेर पडण्याचा हुकूम पोचू शकला नाही.’ संपलं. अकरा माणसांना साडेपाच ओळी. त्यातली एक माझी.

टी म्हणजे टियार्क. टियार्क ओमेन. तेव्हा दाढी नव्हती. आणि तुम्ही तेव्हा कप्तान नव्हता, लेफ्टनंट वेसेनब्रिंक होता, हातमोजे घालून हुकूमखोलीत उतरायचात. सहा महिने मी तुमच्यापासून दोन हातांवर नळ्यांपाशी उभा राहिलो, आणि गेले तीन आठवडे तुम्ही इथं या बाकावर बसून माझ्या हातून प्रुफं घेताय, आणि एकदाही मान वर केली नाहीत. कशाला कराल? तुम्हाला वाटलं असेल ओमेन मेला, नाहीतर अमेरिकेला गेला, नाहीतर दारूत बुडाला. त्याचं नाव घालायला हरकत काय. मेलेल्याच्या अंगावर खोगीर टाकलं तर तो लाथ मारत नाही.

हस्तलिखित ज्या दिवशी माझ्या हातात आलं त्या दिवशी मी खोटं नाही सांगत, चुलीत सरपण घालावं तसं ते भट्टीत घालणार होतो. शिसं वितळवायची भट्टी ती काय, तिथं. पण मग मी ‘दोन बंद’पाशी थांबलो. दोनसाठी तुम्ही लिहिलंय ‘त्स्वो’. हस्तलिखितात स्वच्छ आहे, आपल्या लिपीत तीन अक्षरं, त्स्वो. वाः. दहा वर्षांनी का होईना, शिकलात. कारण त्या संध्याकाळी तुम्ही त्स्वो म्हणाला नव्हता. तुम्ही त्स्वाय म्हणालात. घरात, आईजवळ, दुकानात सगळं जग दोनला त्स्वायच म्हणतं, पण बोटीवर भरती होणाऱ्या शेतकऱ्याच्या पोरालासुद्धा पहिल्या दिवशी काय शिकवतात? दोनला त्स्वाय म्हणायचं नाही, त्स्वो म्हणायचं, कारण तीनला आपण द्राय म्हणतो, आणि तोफांच्या गोंगाटात, नळीच्या तोंडाशी, त्स्वाय आणि द्राय ही एका आईची जुळी पोरं. ओळखू येत नाहीत. नौदलात शेंबडं पोरही चुकत नाही यात. चुकतं कोण? चांगल्या घरचा माणूस, ज्याला ‘त्स्वो’ म्हणणं गावंढळ वाटतं. भाजीवाल्या बायकांसारखं वाटतं. तुम्हीच म्हणाला होता एकदा — आठवतं? — मी भाजीवाला नाही, ओमेन, मी पूर्ण शब्द बोलतो.

तर मी भट्टीत नाही घातलं. मी शेवटच्या अक्षराचा एक खिळा काढला आणि त्या जागी दोन घातले. ‘त्स्वो’चं ‘त्स्वाय’ केलं. एवढंच. बाकी तुमच्या एका स्वल्पविरामाला हात लावला नाही. हे बघा — नाही, लांबूनच बघा. ‘मी हुकूम दिला: त्स्वाय बंद.’ तुमच्या पुस्तकात, तुमच्या सहीखाली, तुमच्याच तोंडून. मालकांनी प्रूफ वाचलं, त्यांना काही वाटलं नाही, दोन म्हणजे दोन. तुम्ही शेवटचं प्रूफ वाचलंत, सही केलीत, तुम्हालाही काही वाटलं नाही — ही तर सगळ्यात मोठी गंमत, कप्तानसाहेब, तुमच्या जिभेला अजून तेच बरोबर वाटतं. पण एकतीस तारखेला चारशे घरांत जुने खलाशी हे पान उघडतील. कोळशानं काळे झालेले, कान गेलेले, गुडघे गेलेले. त्यांना समजावून सांगायला नको. त्स्वाय? लढाईत? अधिकाऱ्यानं? ते पुस्तक मिटतील आणि बायकोला म्हणतील, मारली ती अकरा माणसं त्यानं. समारंभात तुम्ही छातीवर पदकं लावून भाषणाला उभे राहाल, आणि समोर चारशे माणसं गप्प बसलेली असतील, कुणी खोकणारसुद्धा नाही. मला ते बघायचंय. दहा वर्षं मी दुसरं काही मागितलं नाही.

खाली अजून एक वाक्य आहे, ते मात्र माझं. ‘ओमेन याने नियमाप्रमाणे हुकूम परत म्हणून दाखवला, आणि अधिकाऱ्याने होकार दिला.’ हो, घातलं, शेवटच्या प्रुफावर तुमची सही झाल्यावर. घातलंच पाहिजे. ऐकलेला हुकूम शब्दशः परत म्हणायचा आणि मगच हात हलवायचा, हा नियम. तो पाळला की माझा दोष संपतो. मी म्हणालो, द्राय बंद. तुम्ही म्हणालात, हो. मग चूक कुणाची?

तुम्हाला गेस्के माहीत नाही. माझी बहीण. तिचा नवरा हाब्बो त्या वीजखोलीत होता. तुमच्या हातचं पत्र आलं होतं तिला, ‘शत्रूच्या गोळ्यानं तत्क्षणी वीरमरण, वेदना झाल्या नाहीत’ — तिनं ते चौकटीत घालून लावलंय. दर रविवारी मी तिच्याकडं जेवतो, त्या चौकटीखाली बसतो, वाटाण्याचं सूप पितो, ती म्हणते, निदान त्याला कळलं तरी नाही. मी म्हणतो, हो. दहा वर्षं मी हो म्हणतोय. आणि आता तुम्ही तिच्या पत्त्यावर फुकट प्रत पाठवताय, ज्यात लिहिलंय की कुठला गोळा नि कुठलं काय, तुझ्या भावाच्या कानामुळं तो खाली वाट बघत बुडाला. तुम्हाला वाटलं असेल, दहा वर्षांनी खरं लिहावं. लिहा ना. पण अर्धं? आपल्या बाजूचं अर्धं?

आणि वाट बघत म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे का? तुम्ही तेव्हा रजेवर होता. तीन आठवड्यांनी जहाज गोदीत घेतलं, पाणी उपसलं, खोली उघडायला मला पाठवलं. वर जायची शिडी मोकळी होती. वरच्या झाकणाची कडी आतून होती, आणि ती ओढलेलीसुद्धा नव्हती. इंग्रज असते तर कधीच वर पळाले असते, इटालियन असते तर पाणी दिसायच्या आधी. आपली माणसं हुकमाची वाट बघत बसली. जागा सोडायची नाही, हुकूम येईपर्यंत. हाब्बो नळीखाली होता. बाकीचं मी गेस्केला सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

कसं झालं ते मला कुणी शिकवू नये. दिवे गेले, कबूल. अंधार, कबूल. वर तोफा, खाली पाणी, सहा नळ्यांची तोंडं एका ओळीत आणि त्यांतल्या एका तोंडातून पाण्याचा फवारा, पण तो समोरच्या भिंतीवर आपटून सगळीकडं उडत होता, कुठल्या तोंडातून येतोय ते हातालाही कळत नव्हतं, सगळंच ओलं, सगळंच गार. तुम्ही माझ्या पाठीमागं. मी डाव्या हातानं नळ्यांवरचे नंबरांचे बिल्ले चाचपत होतो, एक, दोन, तीन, उजव्या हातात हातोडा, बूच दातात धरलेलं — सुक्या लाकडाची चव अजून जिभेवर आहे, राळेची — आणि तुमचा आवाज आला, त्स्वाय बंद, आणि मला ऐकू आलं द्राय, आणि मी दातातलं बूच काढून तीनच्या तोंडात घातलं आणि ठोकलं. चार ठोके. आणि पाणी येतच राहिलं —

काय म्हणालात?

नाही. मी म्हणालो होतो ना. परत म्हणालो. द्राय बंद, म्हणालो.

बूच दातात होतं, पण — आधी म्हणालो असेन. तोंड रिकामं असताना. दातात धरायच्या आधी. माणूस दोन्ही करतो, आधी हे मग ते, लढाईत काय घड्याळ लावून — तुम्ही बोट दाखवू नका माझ्याकडं. बोट खाली करा.

दहा वर्षं मी ते म्हणालोय. मनात. रोज. इतक्या वेळा म्हणालोय की मला माझा आवाज ऐकू येतो, द्राय बंद, आणि तुमचा, हो. ऐकू येतो मला. पण बूच — बूच दातात होतं. ते खरं आहे. राळेची चव खरी आहे.

बरं. मग पुढचंही घ्या. पुढचं तुम्हीही लिहिलं नाहीत आणि मीही जुळवलं नाही. मी दुसरं बूच घेऊन दोनची नळीही ठोकली, पाणी थांबलं, तुम्ही म्हणालात शाब्बास. मग बॅटरीचा दिवा लागला. छोटा, पिवळा. त्या उजेडात तुम्ही ओळीकडं बघितलंत, मी बघितलं, एकाऐवजी दोन बुचं, आणि तीनच्या नळीतून आवाज येत होता. लाकडाच्या मागून. टक, टक, टक — कुणीतरी खालून पान्यानं नळीवर मारत होतं, शिट्टी वाजवता येत नव्हती म्हणून. आपण दोघांनी ऐकलं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मी तुमच्याकडं. पकडीनं बूच उपटायला किती वेळ लागला असता? अर्धा मिनिट? पण ते उपटायचं म्हणजे कुणीतरी आधी तोंड उघडून म्हणायचं की चुकीचं ठोकलं. तुम्ही वाट बघितलीत मी म्हणेन म्हणून. मी वाट बघितली तुम्ही हुकूम द्याल म्हणून. आठ मिनिटं. मग टकटक थांबली. आपण दोघंच होतो त्या टोकाला, बाकीच्यांना काही कळलं नाही.

पाणी देऊ? चहा तसाच राहिलाय.

बोला ना. बोलताय तर मोठ्यानं बोला. — हं. — हं, कळलं. सगळा परिच्छेदच काढून टाकायचा. टपालाची गाडी आज परत पाठवायची, एकसष्टावं पान नव्यानं छापून चारशे प्रतींत चिकटवायचं, खर्च तुम्ही देणार. आणि परिच्छेदाच्या जागी एक ओळ, ‘लढाईच्या धामधुमीत पुढच्या वीजखोलीशी संपर्क तुटला.’ ना तुम्ही, ना मी. गेस्के तिच्या चौकटीखाली सुखानं सूप ढवळत बसेल. हुशार माणूस आहात, खरंच. मला हे सुचलं नसतं.

संपर्क तुटला. फांदी तुटते तसा, वाऱ्यानं. सोपं आहे. मला एक तास लागेल. आणि खरं सांगतो, कप्तानसाहेब, क्षणभर माझा हात खिळ्यांकडं गेला. तुम्ही बघितलंत गेलेला.

पण मग आपण दोघांनी मिळून त्यांना परत एकदा बूच ठोकलं, नाही का? त्या वेळी निदान अंधार होता. त्या वेळी निदान भीती होती. आज काय आहे? दुपारचे साडेतीन वाजलेत, खिडकीतून ऊन आलंय, समोर चहा आहे. आज ठोकलं तर ते कानामुळं नाही ठोकलं, आणि जिभेमुळंही नाही.

नाही. तुमचा सूड घ्यायचा म्हणून मी तीन आठवडे झोपलो नाही, तो मी सोडणार नाही. तुमचं ‘त्स्वाय’ तसंच राहील. त्याचा एक खिळाही हलणार नाही, तुम्ही कुणालाही सांगा. मालकांना सांगा, ते मला उद्या काढतील, आज ते नाहीत. गाडी परत पाठवतो, ते खरं. एकसष्टाव्या पानाच्या जुळवलेल्या खिळ्यांचा फर्मा अजून मोडलेला नाही, माझं वाक्य काढून तिथं दुसरं जातं. ‘नाविक टियार्क ओमेन याने हुकूम परत म्हणून दाखवला नाही. त्यानंतर आठ मिनिटे तीन क्रमांकाच्या नळीवर खालून ठोकण्याचा आवाज येत होता, तो लेफ्टनंट वेसेनब्रिंक आणि नाविक ओमेन या दोघांनीही ऐकला.’ बसतं बरोबर. ओळी मोजल्यात मी, जरा दाटीवाटीनं बसतं. टी नाही, पूर्ण नाव घालणार. आणि वेसेनब्रिंकच्या आधीचा हुद्दाही घालणार, म्हणजे कुठला वेसेनब्रिंक अशी शंका नको.

गेस्केची प्रत टपालानं जाणार नाही. ती मी आज संध्याकाळी नेणार, आणि ती वाचेपर्यंत तिथं उभा राहणार. तिनं हाकललं तर हाकलेल. तुम्हीही या हवं तर. — नाही ना? वाटलंच होतं.

टोपी घ्या तुमची. दार जड आहे, खांदा लावून ढकला. नाही, आता काही बोलू नका, कप्तानसाहेब, एक अक्षरही नको. जुळवताना कुणी बोललं की माझ्याकडून चूक होते.